विकलेला टोपलीवाला

सिरसाळ्यात रुद्रप्पा हलग्यांच्या दुकानाला सगळे कटलरीचं दुकान म्हणत. पाटीवर मात्र 'कावेरी जनरल स्टोअर' असं होतं. मुलगी झाली त्याच वर्षी दुकान टाकलं, म्हणून तिचं नाव दिलं. बांगड्या, रिबिनी, पावडरीचे डबे, कुलपं, कंदिलाच्या काचा, वह्या असं सगळं तिथं मिळायचं, पण गावातल्या पोरांना त्यातलं फक्त समोरचं काचेचं कपाट दिसायचं. त्यात खेळणी असत.

रुद्रप्पा दोन-तीन महिन्यांनी परळीला जाऊन रेल्वेत बसायचे, हैदराबादच्या बेगम बाजारातून माल घ्यायचे आणि गोण्या घेऊन परत यायचे. गोणी उतरली की शाळा सुटलेली पोरं दप्तरासकट दुकानापुढं उभी राहायची. चावी दिली की भिंतीला धडकेपर्यंत पळणारी मोटार, पोट दाबलं की टकटक करणारा पत्र्याचा बेडूक, आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली, पोटात वात पेटवली की बादलीतल्या पाण्यात फटफट करत फिरणारी बोट. रुद्रप्पा एकेक वस्तू काढून, कपड्यानं पुसून कपाटात मांडायचे. पोरं श्वास रोखून बघायची. त्या वेळी रुद्रप्पांना आपण या गावातले फार मोठे माणूस आहोत असं वाटायचं. एरवी ते वाटायचं कारण नव्हतं. बोलायला बुजरा माणूस. चार लोकांत बसले तर कोपऱ्यात बसायचे.

सत्त्याऐंशी साली त्यांनी बेगम बाजारातून एकच नग आणला, तो व्हिडिओ गेम. तळहातावर मावेल एवढा, राखाडी काचेचा. काचेवर एक झाड, त्याला चार फांद्या, आणि खाली डोक्यावर टोपली घेतलेला एक काळा माणूस. फांद्यांवरून फळं पडायची. दोन बटणं दाबून तो माणूस इकडं-तिकडं सरकवायचा आणि फळ टोपलीत झेलायचं. तीन फळं जमिनीवर पडली की डाव संपला. पोरांनी त्याचं नाव टोपलीवाला ठेवलं. तो विकत घेण्याची ऐपत गावात फारशी कुणाची नव्हती, म्हणून रुद्रप्पांनी त्याला पितळी साखळी लावून काउंटरला अडकवला आणि चार आण्याला पाच मिनिटं असा खेळायला द्यायला सुरुवात केली. महिनाभरात पंचक्रोशीत बातमी झाली. बाजारच्या दिवशी मोहा, तेलगावकडची पोरं बापाचं बोट सोडून आधी तिथं यायची.

पाच मिनिटं मोजायला गजराचं घड्याळ होतं. ते घेऊन काउंटरशेजारी स्टुलावर बसायची कावेरी. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. शाळेतून आली की दोन तास तिचं तेच काम. घड्याळाकडं बघायचं, पाच मिनिटं झाली की "सोडा" म्हणायचं, आणि कुणी बटणं जोरात दाबत असेल तर दटावायचं. ती हे काम फार चोख करायची. मोठमोठी पोरं तिला भीत.

तिनं स्वतः मात्र टोपलीवाला कधी खेळला नाही. रुद्रप्पांचा नियमच तसा होता. दुकानातली वस्तू ही गिऱ्हाइकाची, घरच्यांनी तिला हात लावला की ती जुनी झाली. त्यांच्या वडिलांनी किराणा दुकानात त्यांना असंच वाढवलं होतं. गुळाच्या ढेपेशेजारी बसून त्यांनी गुळाचा खडा कधी तोंडात टाकला नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मुलांना दुकानातलं द्यायची सवय लावली तर पोरं आणि दुकान दोन्ही बिघडतात, असं त्यांना मनापासून वाटे. त्यात कंजूषपणा नव्हता. कावेरीला ते दर दिवाळीला चांगलं परकर-पोलक्याचं कापड घ्यायचे, शाळेची फी कधी थकवली नाही. पण खेळणं म्हणून तिला काही घेतल्याचं कुणाला आठवत नाही. घरातच एवढी खेळणी असताना वेगळं काय घ्यायचं?

एक गोष्ट ते पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. एका दिवाळीत कावेरी डोळे मिटणारी बाहुली अंथरुणात घेऊन झोपली, पण कागदी खोक्यातून न काढता. वरचा पारदर्शक कागदसुद्धा तसाच. आणि सकाळी दुकान उघडायच्या आत तिनं ती कपाटात होती तशी नेऊन ठेवली. दुपारी ती बाहुली विकलीही गेली. "सुरकुती न्हाई पडली कागदाला," रुद्रप्पा सांगायचे. "एवढी हुशार पोरगी." पाहुणे मान डोलवायचे. त्यांची बायको नीलम्मा अशा वेळी उठून आत जायची, चहाचं काहीतरी बघायला.

पुढं दिवस बदलले. घरोघरी रंगीत टीव्ही आले, परळीत टीव्हीला जोडून खेळायचे कॅसेटचे गेम भाड्यानं मिळायला लागले. बाजारात पाच-दहा रुपयांची प्लास्टिकची खेळणी गाड्यावर विकायला यायची. काल घेतलेलं आज मोडलं तरी कुणी तक्रार करत नव्हतं. रुद्रप्पांच्या पत्र्याच्या मोटारींना गंज धरला. टोपलीवाल्यापुढची रांग आटली, मग एक-दोन पोरं यायची, मग तीही बंद झाली. रुद्रप्पांनी साखळी सोडून तो गल्ल्याखालच्या खणात ठेवला. त्यातले सेल मात्र ते वर्षातून एकदा बदलायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कपाटाच्या जागी त्यांनी एसटीडीची काचेची केबिन बसवून घेतली आणि दुकान त्यावर चालायला लागलं. कावेरीचं लग्न होऊन ती उदगीरला गेली.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीत कावेरी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना होता. धनत्रयोदशीच्या दुपारी सुंदररावांचा शिवशंकर दुकानात आला. सुंदरराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, पंचायत समितीवर निवडून आलेले. शिवशंकर पुण्यात एका कंपनीत इंजिनिअर झाला होता. तो फोन करायला म्हणून आला आणि बोलता बोलता त्यानं सहज विचारलं, "आप्पा, टोपलीवाला हाय का बे अजून?" म्हणालाच आणि जीभ चावली, कारण 'बे' हे बरोबरीच्या दोस्ताला म्हणायचं, आणि तो दोस्त मागंच उभा होता. रुद्रप्पा हसले आणि त्यांनी खण उघडला.

त्यानंतर तासभर दुकानात गर्दी झाली. शिवशंकरच्या वयाची चार-पाच माणसं, पँट-शर्टातली, कुणाचं पोट सुटलेलं, कुणी शिक्षक झालेला, डोकी एकत्र करून त्या राखाडी काचेवर वाकली होती. कुणी किती फळं झेलली होती, कुणी घरची अंडी विकून चार आणे आणले होते, असं बोलणं चाललं होतं. रुद्रप्पांना इतकं बरं वाटलं की त्यांनी सगळ्यांना चहा मागवला, जो त्यांनी वर्षानुवर्षं कुणाला मागवला नव्हता. जाताना शिवशंकरनं तो विकत मागितला. पुण्यात घेऊन जातो म्हणाला, लहानपण टेबलावर ठेवतो. रुद्रप्पांनी दिला. पडून राहिलेला माल, आणि घेणारा एवढ्या प्रेमानं घेतोय. त्यांनी तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

जेवताना त्यांनी हे सगळं रंगवून सांगितलं. नीलम्मा ऐकत होती. कावेरीनं भाकरीचा तुकडा मोडला, तो ताटातच राहिला. रुद्रप्पांना वाटलं, अशा दिवसांत जेवण जात नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी नीलम्मानं पुन्हा एकदा डोहाळ्यांचा विषय काढला. पोटुशीला काय खावंसं वाटतं, काय हवंसं वाटतं, ते माहेरच्यांनी पुरवायचं असतं. नाही पुरवलं तर होणारं लेकरू कायम कशासाठी तरी हळहळत राहतं, असं बाया म्हणतात. नीलम्माचा त्यावर पक्का विश्वास होता. चिंचा झाल्या, कैरीचं लोणचं झालं, परळीहून पेढे आणून झाले, पण कावेरी सगळ्याला नको म्हणायची. त्या दिवशी नीलम्मा जरा चिडूनच म्हणाली की काहीतरी तर सांग, उद्या उदगीरकर आम्हाला बोल लावतील.

कावेरी ओट्यावर पाय सोडून बसली होती. तिनं वडिलांकडं न बघता सांगितलं, "खायचं काई नको आई. टोपलीवाला एकदा हातात घ्यायचा होता. आता न्हाईच म्हणल्यावर जाऊ द्या."

रुद्रप्पांना आधी हसू आलं. बाळंतपणाला आलेली बाई व्हिडिओ गेम मागते! ते हसत म्हणाले, "खुळे, लई खेळलीस की तू तवा."

"न्हाई आप्पा," ती म्हणाली. "म्या घड्याळ धरायचे."

बोलली तेवढंच, आणि ते रागानंही नव्हतं. गावात अमुक ठिकाणी विहीर आहे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. नीलम्मा आत गेली. रुद्रप्पांनी आठवून बघितलं. कावेरीच्या हातात टोपलीवाला असल्याचं एक तरी चित्र डोळ्यांपुढं येतंय का, ते शोधलं. स्टूल आठवलं, तिच्या तेलानं चपचपीत वेण्या आठवल्या, मांडीवरचं घड्याळ आठवलं. तिच्या हातात टोपलीवाला मात्र काही केल्या येईना. मग त्यांना खोक्यातली बाहुली आठवली, आणि ती गोष्ट आपण किती जणांना सांगितली ते आठवायला लागलं, तेव्हा त्यांनी आठवणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. कटलरीवाल्याची सुगी म्हणावी असा दिवस. बहिणीला द्यायला काही ना काही घेण्यासाठी सकाळपासून गिऱ्हाईक असतं. रुद्रप्पांनी दुकान उघडलं, दोन तास माल दिला. त्यांचं चित्त नव्हतं. एकानं बांगड्या मागितल्या तर रिबीन दिली. शिवशंकर ओवाळून घेऊन दुपारी पुण्याला निघणार, हे त्यांना माहीत होतं. विकलेली वस्तू परत मागायला जायचं म्हणजे काय, हेही माहीत होतं. बावीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाला एकच सांगितलं होतं, माल बघून घ्या, एकदा पायरी उतरलात की आमचं नाव काढू नका. त्यावरून त्यांनी बायाबापड्यांशी वाद घातले होते. अकराच्या सुमाराला त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि शटर ओढलं. शेजारच्या कापडवाल्यानं कोण गेलं म्हणून विचारलं. कुणी नाही, म्हणाले आणि चालायला लागले.

सुंदररावांच्या अंगणात जीप उभी होती, मागं पोती आणि पिशव्या चढत होत्या. सुंदरराव खुर्चीवर, आणि पाच-सहा माणसं बाजेवर, कट्ट्यावर चहा घेत बसलेली. एवढी माणसं बघून रुद्रप्पांचे पाय फाटकातच अडखळले. सुंदररावांनीच हाक मारली. शिवशंकरला बाहेर बोलावलं गेलं. रुद्रप्पांनी वाटेत जे जुळवून ठेवलं होतं ते बोलून टाकलं. धनत्रयोदशीला दिलेल्या नगात जरा बिघाड आहे, त्यातले सेल पाझरतात, काच खराब होईल, तेव्हा तो परत द्या, मी पैसे घेऊन आलोय. पाहिजे तर नवा मागवून देतो.

शिवशंकर म्हणाला, काहीच बिघाड नाही, चार दिवस मी तोच खेळतोय, झकास चालतोय. आणि बिघडला तरी चालेल आप्पा, मला तोच पाहिजे.

सुंदरराव मोठ्यानं हसले. "रुद्रप्पा, उभ्या जन्मात तू कुणाला फुटका कंगवा बदलून दिला न्हाईस. अन् आज भाऊबीजेचं दुकान बंद करून घरी आलास, बिघडल्याला नग परत न्यायला? खरं बोल, पुण्याचं दुसरं गिऱ्हाईक जास्त द्यायलंय का?"

बाजेवरची माणसं हसली. आता परत फिरावं आणि नीलम्माला सांगावं की तो निघून गेला होता, असं रुद्रप्पांच्या मनात आलं. ते सोपं होतं. त्यांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"गिऱ्हाईक न्हाई," ते म्हणाले. "आमच्या कावेरीला त्याचे डोहाळे लागलेत."

आता तर एकाला ठसकाच लागला. कुणीतरी म्हणालं, मग नातू नक्की काम्प्युटरवाला होणार. रुद्रप्पा हसणं थांबायची वाट बघत उभे राहिले. मग खालीच बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"हसा, पण ऐका. गावातल्या सगळ्या लेकरांनी तो खेळला. ह्या शिवशंकरनं खेळला, तुमच्या सालगड्याच्या पोरानं खेळला. माझ्या लेकीला म्या पाच मिनिटं दिला न्हाई. मालाला हात लागंल म्हणून. तिच्या शेजारी हुता तो, एका हातावर. ती कधी मागितली न्हाई, अन् म्या कधी दिला न्हाई. काल पहिल्यांदा मागितली, तर म्या विकून बसलो."

सुंदररावांनी कप खाली ठेवला. एवढं सलग बोलताना रुद्रप्पांना त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

शिवशंकर म्हणाला, "आप्पा, तुमाला एक माहीत न्हाई." आणि त्यानं सांगितलं की फळं कोणत्या फांदीवरून कोणत्या क्रमानं पडतात ते कावेरीला पाठ होतं. घड्याळाकडं बघत असल्यासारखं करून ती हळूच सांगायची, आता डावी वरची, आता उजवी खालची. तिच्या जिवावर आम्ही शंभरावर गेलो. ती सुट्टीत उदगीरला मामाकडं गेली की आमचे डाव पन्नाशीत संपायचे. तिला हे सगळं ठाऊक आहे म्हणजे ती खेळत असणारच, दुकान बंद झाल्यावर एकटीच खेळत असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मला तर तिचा हेवा वाटायचा.

रुद्रप्पांनी मान हलवली. शिवशंकर आत जाऊन बॅग उघडून टोपलीवाला घेऊन आला. द्यायला हात पुढं केला, आणि परत मागं घेतला. "थांबा, एक डाव खेळून देतो," म्हणाला. भर अंगणात, सगळ्यांपुढं, जीपला टेकून तो खेळला. त्याची बायको स्वप्नाली दारातून म्हणत होती की उशीर होतोय, आणि बाजेवरच्यांतला एक जण उठून त्याच्या खांद्यावरून बघायला लागला होता. तिसरं फळ पडल्यावर त्यानं तो रुद्रप्पांच्या हातात ठेवला. पैसे घेतले नाहीत. रुद्रप्पांनी दोनदा पुढं केले, तिसऱ्यांदा सुंदररावांनीच त्यांच्या खिशात घातले.

रुद्रप्पा घरी आले तेव्हा कावेरी ओट्यावर गहू निवडत होती. त्यांनी काही न बोलता टोपलीवाला सुपाच्या कडेला ठेवला. तिनं तो बघितला, हात पदराला पुसले आणि उचलला. किती हलका आहे, असं म्हणाली. मग खेळायला लागली.

पहिला डाव दहा-बारा फळांतच संपला. दुसरा त्याहून लवकर. कोणतं फळ कुठून पडणार ते ती आधी तोंडानं सांगायची आणि ते बरोबर तिथूनच पडायचं, पण तोवर बोट बटणावर पोचलेलं नसायचं. तिसरा डाव संपल्यावर तिनं तो मांडीवर ठेवला.

रुद्रप्पांनी भीत भीत विचारलं, बरं वाटलं का.

ती म्हणाली की एवढी वर्षं वाटायचं, हातात आला की सगळ्या पोरांना मागं टाकीन. पण हे हाताचं काम आहे आप्पा, आणि हात त्याच वयात शिकतात. हे बोलताना ती हसली, पण रुद्रप्पांना तिच्याबरोबर हसता आलं नाही. ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. भरपाई करता येईल असं समजून ते गेले होते. तसं काही होत नसतं, हे त्यांना आता कळलं.

"शिवादादांनी दिला कसा?" तिनं विचारलं. "काय सांगितलं तुमी?"

खोटं सांगायचा त्यांना कंटाळा आला होता. आधी बिघाड आहे म्हणून सांगितलं, ते सांगितलं. लोक हसले, तेही सांगितलं. मग खालच्या आवाजात, जे अंगणात बोलले होते तेच पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता.

कावेरी सुपातल्या गव्हाकडं बघत ऐकत होती. "सगळ्यांपुढं?" तिनं विचारलं.

"सुंदररावांपुढं. सगळेच हुते."

एक-दोनदा तिनं नाक ओढलं. नीलम्मा आतून चहा घेऊन आली, दोघांकडं बघून कप ठेवून तशीच मागं फिरली. मग कावेरीनं सूप बाजूला सारलं, पाय आवरून घेतले आणि ओट्यावर आपल्या शेजारी हात आपटला.

"इकडं बसा आप्पा," ती म्हणाली. "तुमी पण कवा खेळला न्हाईत. म्या फांदी सांगते, तुमी बटण दाबा."